आधीच पार पडलेलं शिबिर

आमच्या अप्पांनी आयुष्यात कधी खोटं लिहिलं नाही, असं मी इथे लिहिलं तर ते असतील तिथून उतरून येतील आणि लाल शाईने दुरुस्ती करतील. अप्पा दर महिन्याला खोटं लिहायचे. नेमाने, वीस तारखेच्या आत, समास सोडून, आणि पक्की प्रत माझ्या हस्ताक्षरात. ते सिल्वासाच्या एका मराठी शाळेत मास्तर होते आणि उरलेल्या वेळात क्लबचे कार्यवाह. क्लबचं नाव लांबलचक होतं, त्यात सेवा होती, मैत्री होती, झालंच तर मानवताही होती, पण आम्ही सगळे नुसतं क्लबच म्हणायचो. या क्लबाचं चार पानी मासिक वार्तापत्र अप्पा काढायचे. पहिल्या पानावर अध्यक्षांचे दोन शब्द असत, ते काय आहेत हे अध्यक्षांना छापून आल्यावर कळायचं. मधल्या दोन पानांवर पार पडलेले उपक्रम. शेवटच्या पानावर आगामी उपक्रम, सभासदांचे वाढदिवस आणि खाली अध्यक्षांच्याच हार्डवेअरच्या दुकानाची जाहिरात.

आम्ही सिल्वासातल्याच आमली भागात राहायचो. खाली सायकल दुरुस्तीचं दुकान, वर आमच्या दोन खोल्या, मागच्या खिडकीतून कारखान्यांची पत्र्याची छपरं. आईचं स्वयंपाकघर भोंग्यावर चालायचं. सकाळच्या भोंग्याला चहा उकळायचा, दुपारच्या भोंग्याला अप्पा शाळेतून जेवायला यायचे, आणि एखाद्या दिवशी कारखान्यात संप झाला, भोंगाच वाजला नाही, की आमच्याकडे भात करपायचा. घरात रत्नागिरीची मराठी, जिन्यात गुजराती, खालच्या दुकानात हिंदी, आणि शेजारच्या खोलीत पाटीलकाकांची खानदेशी. पाटीलकाका धुळ्याकडचे, धाग्याच्या कारखान्यात सुपरवायझर. त्यांना समाजसेवेची आवड होती की नाही देव जाणे, पण कारखान्याची जीप त्यांना मागता यायची, म्हणून अप्पांनी त्यांना क्लबात ओढलं होतं. संध्याकाळी आई कुळथाचं पिठलं टाकायची, शेजारून पाटीलकाकूंच्या मिरचीच्या ठेच्याची खकाणी यायची, आम्ही इकडे खोकायचो, त्या तिकडून हसायच्या, आणि मग वाटीतून ठेचा इकडे आणि पिठलं तिकडे जायचं.

खोटं लिहिण्याचं कारण अगदी साधं होतं. क्लबाचे उपक्रम महिन्याच्या शेवटच्या रविवारी, कारण सगळ्यांना तेव्हाच सवड. वार्तापत्र मात्र एक तारखेला सभासदांच्या हातात पडलंच पाहिजे, आणि वापीचा छापखानावाला वीस तारखेनंतर कागदाला हात लावायचा नाही. मग शेवटच्या रविवारचं करायचं काय? ते आगामीत टाकावं, तर अंक हातात पडेपर्यंत ते होऊन गेलेलं असायचं आणि वाचणारे हसायचे. अप्पांनी फार वर्षांपूर्वी यावर तोडगा काढला होता, तो म्हणजे कार्यक्रम व्हायच्या आधीच तो पार पाडायचा. एकदा लिहून टाकला की मग रविवारी फक्त तिथे जाऊन उभं राहायचं बाकी उरायचं. वृक्षारोपण 'उत्साहात' झालेलं असायचं, रोपं अजून रोपवाटिकेत. रक्तदानाला 'उत्स्फूर्त प्रतिसाद' मिळालेला असायचा, आणि रविवारी सकाळी अप्पा त्या उत्स्फूर्त प्रतिसादाच्या शोधात दारोदार फिरायचे. शेवटचं वाक्य ठरलेलं, 'अल्पोपाहाराने कार्यक्रमाची सांगता झाली.' तेवढं एक मात्र कधीही खोटं ठरलं नाही.

एकदा एक प्रमुख पाहुणे आलेच नाहीत. त्यांना गोवर निघाला होता, चांगले पन्नाशीचे गृहस्थ. वार्तापत्रात मात्र त्यांनी तरुणांना व्यसनमुक्तीचा संदेश देऊन सगळ्यांना अंतर्मुख केलं होतं. अप्पा आठवडाभर जेवले नाहीत नीट. आठवड्यानंतर पाहुण्यांचं पोस्टकार्ड आलं की भाषणाचा सारांश फार उत्तम घेतला आहे, दोन जादा प्रती पाठवाव्यात. त्या दिवसापासून अप्पांची भीड चेपली. आई म्हणायची, "तुम्ही आता पुढच्या वर्षीचं सगळं एकदमच लिहून टाका, म्हणजे क्लबाला घरी बसता येईल."

आजही मला हसू येतं ते वेगळ्याच कारणाने. मी आता साठीकडे झुकले आहे, सिल्वासातच आहे, आणि त्याच क्लबाच्या व्हॉट्सॲप गटात आहे. परवा निरोप आला, 'रविवारी सकाळी सात वाजता नदीकाठी स्वच्छता मोहीम, टोप्या मिळतील.' खाली दोन मिनिटांत अकरा जणांनी लिहिलं, 'अतिशय सुंदर उपक्रम, खूप छान आयोजन.' अजून कोणी झाडूला हात लावला नव्हता. म्हणजे अप्पा काळाच्या पुढे होते, एवढंच.

या सगळ्या थट्टेत लखमीआजी शिरली ती शेवळांमुळे. लखमीआजी जवळच्या किलवणी गावची, वारली जमातीची बाई. पावसाच्या तोंडाला डोक्यावर टोपली घेऊन आमच्या जिन्याशी यायची. कधी करटोली, कधी बांबूचे कोंब, कधी शेवळं, अशी रानभाजी विकायला. मुलगा आणि सून राहिले नव्हते, एक नात होती काशी, पाच-सहा वर्षांची, ती तिच्या लुगड्याचा काठ धरून यायची. आजी गेली दोन वर्षं अशी काठाला धरलेली नात घेऊनच चालायची, आणि आम्ही म्हणायचो पोरगी किती लाजरी. पोरगी लाजरी नव्हती, ती वाट दाखवत होती. शेवळं खाजरी असतात, रानात त्यांच्यासारखंच दिसणारं दुसरंही काही उगवतं, आणि सरावलेला डोळाच त्यातला फरक ओळखतो. त्या वर्षी आईने नेहमीसारखी, खाज मोडायला रानातली आंबट काकडं घालून, चिंच घालून भाजी केली, आणि जेवणाच्या पहिल्या घासाला आमच्या चौघांच्या जिभा, घसे, ओठ सगळं पेटलं. अप्पा गूळ खात घरभर फिरत होते. धाकटा भाऊ जीभ बाहेर काढून खिडकीत उभा राहिला होता. पुढच्या खेपेला आजी आली तेव्हा आई भांडायच्या तयारीनेच जिन्यात गेली, आणि दोन मिनिटांत परत आली ती आजीचा हात धरून.

"शालू, जरा इकडे ये," ती म्हणाली. आजीला तिने गॅलरीत उजेडाला बसवलं होतं. आजीच्या दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्या पांढुरक्या झाल्या होत्या, उजवी तर पार दह्यासारखी.

"कधीपासून दिसत नाही तुम्हाला?" आईने विचारलं.

"दिसं ना," आजी म्हणाली. "उजेड दिसं. भाजी हातानी वळखीन मी. ही शेवळां हातानी फसवली माना."

ती हे हसत हसत सांगत होती, पण मग काशीकडे तोंड वळवून हळूच म्हणाली, की रानात जायचं बंद झालं तर या पोरीला काय खायला घालू. आईला रडू आलं. आई सहसा रडत नसे, तिला वेळ नसायचा. त्या दिवशी दुपारच्या भोंग्याला अप्पा घरी आले तेव्हा तिने ताट वाढायच्या आधी सांगितलं, "तुमचा तो क्लब जर माणसांच्या उपयोगाचा असेल, तर त्याने किलवणीत डोळ्यांचं शिबिर घ्यावं. नाहीतर यापुढे शनिवारच्या बैठकीची भजी मी तळणार नाही."

भज्यांची धमकी चालली. क्लबाचे अध्यक्ष हसमुखभाई, हार्डवेअरवाले, दिलदार माणूस, शनिवारी बैठकीला घरून खमण आणायचे आणि आईची कांदाभजी खायचे. त्यांनी भज्याचा तुकडा उचलत सांगितलं, "मास्तरसाहेब, करी नाखो, करून टाका. डॉक्टरनी व्यवस्था मी करतो." बाहेरगावच्या एका ट्रस्टच्या इस्पितळातले डॉक्टर यायला तयार झाले. दिवाळीनंतर किलवणीच्या शाळेच्या पडवीत तपासणी झाली. ज्यांचे मोतीबिंदू पिकले होते त्यांची यादी मी लिहिली, लखमीआजीचं नाव वरून तिसरं. शस्त्रक्रिया त्या ट्रस्टच्या इस्पितळात महिन्याच्या शेवटच्या रविवारी करायची आणि जीपने सगळ्यांना न्यायचं असं ठरलं. क्लबाने एक नियमही केला, सगळ्यांचा नंबर लागावा म्हणून एका माणसाला वर्षात एकच डोळा. नियम चांगला होता. त्या क्लबात वाईट माणूस एकही नव्हता, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन.

आणि वीस तारीख आली. अप्पांनी ठरल्याप्रमाणे लिहिलं, 'खालील रुग्णांच्या शस्त्रक्रिया यशस्वीरीत्या पार पडल्या,' आणि खाली यादी. पक्की प्रत करायला माझ्याकडे दिली. मी तेव्हा सोळा वर्षांची होते, शाळेच्या निबंध स्पर्धेत पहिली आलेली, आणि मला वाटायचं की अप्पांचं लिखाण अगदीच कोरडं असतं. यादीच्या खाली बरीच जागा उरली होती. ती मी भरली. 'वृद्ध लखमीबाईंच्या डोळ्यांवरची पट्टी सुटताच त्यांनी आपल्या चिमुकल्या नातीला क्षणात ओळखले व तिला हृदयाशी धरले. उपस्थितांचे डोळे पाणावले.' उपस्थितांमध्ये मी स्वतःला धरलं होतं, कारण हे लिहिताना माझे डोळे खरोखरच पाणावले. अप्पांनी ते वाचलं, चष्मा काढला, पुसला, आणि म्हणाले, "छान. नातीचं छान आलंय." मला इतका आनंद झाला की मी रात्रीच्या जेवणाला दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

रविवारी अप्पांना शाळेच्या परीक्षेचे पेपर तपासायचे होते म्हणून जाता आलं नाही. जीप पाटीलकाकांनी नेली. सोमवारी सकाळी ते आमच्या दारात चहाची कपबशी घेऊन उभे राहिले. "मास्तर, समदं नीट झालं. पन एक बाईले परत लई उनू मी. ती लखमीबाई. तिले खोकला शे. डॉक्टर म्हने, खोकलामां टाका टिकाव नही. पुढला टाइमले लई या."

म्हणजे आजी शस्त्रक्रियेविनाच परत आली होती. अप्पांनी चहाचा घोट घेतला. अंक छापून तयार होता, त्याच दुपारी वापीहून यायचा होता. "बरं," ते म्हणाले, "पुढच्या अंकात दुरुस्ती टाकू." मी आतल्या खोलीत होते, मला सगळं ऐकू आलं. मी घाबरले, पण ते आजीसाठी नव्हे. दुरुस्ती आली तर माझा परिच्छेद जाईल म्हणून. हे लिहायला बरं वाटत नाही, पण असंच होतं. पुढच्या अंकात दुरुस्ती आली नाही. त्या अंकात हळदीकुंकू, पतंग आणि एका सभासदाच्या मुलीचं लग्न एवढं सगळं होतं, जागाच उरली नाही. आईला आम्ही सांगितलं की आजीचा नंबर पुढच्या शिबिरात आहे, आणि ते खरंच होतं. आजी खोकला बरा झाल्यावर पुन्हा यायला लागली, पण आता टोपलीत भाजी कमी आणि सरपणाच्या काटक्या जास्त असायच्या. काटकी हाताला कळते.

मग दोन गोष्टी एकदम आल्या. एक, होळीच्या आधी किलवणीत दुसरं शिबिर ठरलं, आणि या खेपेला तपासणी झाल्याबरोबर दुपारी तीनच्या जीपने लोकांना थेट इस्पितळात न्यायचं होतं. दुसरी, क्लबाच्या मुख्य कार्यालयाचं पत्र आलं की सर्व शाखांमध्ये उत्कृष्ट वार्तापत्राची ढाल आमच्या शाखेला जाहीर झाली आहे, आणि विभागप्रमुख ती किलवणीच्या शिबिरातच देतील. पत्रात लिहिलं होतं, 'विशेषतः नेत्रशिबिराचा हृदयस्पर्शी वृत्तांत परीक्षकांना भावला.' अप्पांनी ते पत्र आईला दोनदा वाचून दाखवलं. अप्पांना आयुष्यात काही मिळालं नव्हतं, बढतीसुद्धा नाही, त्यांच्या मागून आलेले हेडमास्तर झाले होते. त्यांनी भिंतीवर ढालीसाठी खिळा ठोकला. आधीच ठोकला, हे सांगायला नकोच.

शिबिराच्या दिवशी किलवणीच्या शाळेच्या अंगणात मांडव घातला होता. एका बाजूला व्यासपीठ, माईक, विभागप्रमुखांसाठी हार. दुसऱ्या बाजूला पडवीत नावनोंदणीचं टेबल, आणि आतल्या वर्गात डॉक्टर. टेबलाशी नंबर लागला की चिठ्ठी मिळायची, चिठ्ठी असली तरच आत सोडायचे. टेबलावर मी चिठ्ठ्या लिहायला बसले होते, आणि माझ्या शेजारी हसमुखभाई, समोर मागच्या वेळच्या वार्तापत्राचा अंक उघडा ठेवून. ज्याचा डोळा झालेला असेल त्याला परत घ्यायचं नाही म्हणून ते यादी बघत होते. त्यांच्याकडे दुसरी कसलीच नोंद नव्हती. नोंद म्हणजे वार्तापत्र, आणि वार्तापत्रावर त्यांचा अप्पांपेक्षाही जास्त विश्वास होता.

लखमीआजी काशीचा हात धरून पुढे आली. "नाव?" हसमुखभाईंनी विचारलं. तिने सांगितलं. त्यांनी यादीवर बोट फिरवलं आणि तोंडभरून हसले. "अरे लखमीबेन! तुमचा तर झाला! हे जुओ, छापलेला हाय."

"काय झालां?"

"डोळा! एक वर्षात एक डोळा. दुसरा पुढच्या साली."

"माना पहिलाच नाय झाला," आजी म्हणाली.

हसमुखभाईंना वाटलं म्हातारी विसरली आहे. त्यांनी तिला मायेने समजावलं, आणि पटेना तेव्हा अंक उचलून माझा परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवला. त्यांचं मराठी वाचन अडखळत होतं, पण भाव पुरेपूर होता. रांगेतला एक म्हातारा "वा" म्हणाला. मी मान खाली घालून चिठ्ठ्यांचा गठ्ठा सारखा करत राहिले. आजीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं, आणि मग टेबलाच्या कडेवर हात ठेवून विचारलं, "मंग ही माझी पोर माना कशी दिसली? तांपण लिव्हलां असंल. वाच ना."

हसमुखभाई गोंधळले. "तेवढा नाही लिहिला," ते म्हणाले.

मी वर बघितलं. अप्पा पाच पावलांवर उभे होते, हातात विभागप्रमुखांसाठी आणलेला हार. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांचा चेहरा बघून मला वाटलं आता ते बोलतील. ते जवळ आले, वाकले आणि माझ्या कानात म्हणाले, "शालू, चिठ्ठी कर तिची. लखमी नको घालूस, जमनी घाल. आत डॉक्टर डोळा बघतात, नाव कोण बघतंय." मला तो मार्ग उत्तम वाटला. डोळाही होणार होता, ढालही राहणार होती, परिच्छेदही. मी जमनी लिहिलं, टेबलाखालून चिठ्ठी आजीच्या हातात दिली आणि कुजबुजले, "आजी, आत कोणी विचारलं तर नाव जमनी सांग."

"जमनी कोण?" आजीने भर रांगेत विचारलं. कुजबुजणं हा प्रकार तिच्याकडे नव्हता.

"कोणी नाही गं, नुसतं नाव."

"गावात तीन जमन्या हायेत. जमनीच्या नावानं डोळा केला, आन उद्या जमनी तो मागाया आली मंग? माझा नाव लखमी हाय. व्हायचा तं लखमीचा डोळा होवदे." आणि तिने चिठ्ठी टेबलावर परत ठेवली. रांग हसली. मग तिने काशीला म्हटलं, "चल," आणि त्या दोघी वळल्या. पाटीलकाका मांडवाच्या दारात उभे होते, ते पुढे येऊन अप्पांना म्हणाले, "मास्तर, तीनले जीप निंघी. डॉक्टर म्हनतस, तिचा डोळा मांगेच पिकेल व्हता. आते वरीसभर ऱ्हायना तं गया तो."

अप्पा तिथेच उभे होते. त्यांनी हार माझ्या टेबलावर, चिठ्ठ्यांवर ठेवला, आणि व्यासपीठाकडे चालायला लागले. विभागप्रमुखांचं भाषण नुकतंच सुरू झालं होतं. अप्पांनी त्यांच्याकडे माईक मागितला, आणि तो इतक्या अदबीने मागितला की त्यांनी दिलाही. अप्पा सवयीने "हॅलो, हॅलो" म्हणाले. मग म्हणाले, "कळविण्यास खेद होतो की..." आणि थांबले. 

"त्या जात आहेत त्या लखमीबाई," अप्पा म्हणाले. "त्यांचा डोळा झालेला नाही. झाला असं मी छापलं. मी कार्यक्रम व्हायच्या आधीच वृत्तांत लिहितो, दर महिन्याला लिहितो. त्यांना खोकला होता म्हणून परत पाठवलं, हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. मी दुरुस्ती केली नाही. आणि ते नातीला ओळखल्याचं..." इथे त्यांनी पडवीकडे, माझ्याकडे बघितलं. "तेही मीच रचलं. त्यांना आधी आत घ्या."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. माईकवरून काही बोललं गेलं आणि माणूस थांबला, की टाळ्या वाजवायच्या हे सगळ्यांच्या अंगवळणी पडलं होतं. विभागप्रमुखांनीही वाजवल्या, आणि मग आपण काय करतोय हे लक्षात येऊन हात मांडीवर ठेवले. हसमुखभाई अप्पांकडे दुखावून बघत होते. "मास्तर, मग माझे दोन शब्द पण तुम्हीच..." ते म्हणाले, आणि लगेच स्वतःच हसले, "ते तर मला माहीत होता." आणि उठून, आपलं ते अवजड शरीर घेऊन, लखमीआजीच्या मागे धावत गेले. तिला हाताला धरून त्यांनीच आत डॉक्टरांसमोर नेलं, चिठ्ठीशिवाय, आणि तीनच्या जीपमध्ये बसवलं.

मी टेबलाशी बसूनच होते. मला उठता आलं असतं. माईक चालू होता, एक वाक्य बोलायचं होतं, 'ते मी लिहिलं.' मी ते बोलले नाही. त्या दिवशी बोलले नाही, घरी आल्यावर बोलले नाही, अप्पा गेले तेव्हाही बोलले नाही. ते मला एका शब्दाने कधी काही म्हणाले नाहीत. ढाल विभागप्रमुखांच्या पिशवीतून आली तशी परत गेली, शेजारच्या गावातल्या शाखेला मिळाली. आई शिबिरात अल्पोपाहाराची कढई सांभाळत होती, तिने सगळं ऐकलं होतं. घरी आल्यावर तिने अप्पांच्या पुढ्यात ताट ठेवलं, नेहमीपेक्षा जास्त तूप वाढलं, आणि म्हणाली, "आज पहिल्यांदा तुम्ही झालेलं सांगितलंत." अप्पा काहीतरी म्हणाले, मला ऐकू आलं नाही. मला त्या दोघांचा इतका अभिमान वाटला आणि स्वतःची इतकी लाज वाटली, की मी डाळ सांडली आणि शिव्या खाल्ल्या, तेव्हा कुठे बरं वाटलं.

पट्टी चौथ्या दिवशी सुटणार होती. अप्पांनी रजा टाकली आणि मला म्हणाले, "चल." काशीला आम्ही आदल्या दिवशीच किलवणीहून घरी आणलं होतं. आईने तिला वेणी घालून दिली होती आणि आमच्याकडचा एक फ्रॉक, तो तिला पोटरीपर्यंत येत होता. इस्पितळाच्या लांबलचक खोलीत खाटांवर म्हातारी माणसं एका ओळीत बसली होती. डॉक्टरांनी आजीची पट्टी सोडली, कापसाने डोळा पुसला, जाड भिंगांचा तात्पुरता चष्मा तिच्या नाकावर ठेवला आणि काशीला समोर उभं केलं. आजी बघत राहिली. वरून खाली, खालून वर. मग तिने डॉक्टरांना विचारलं, "ही कोनाची पोर?"

काशीचा चेहरा एकदम पडला. आजीला दिसेनासं झाल्यापासूनच्या अडीच-तीन वर्षांत ती वाढली होती, दात पडून नवे आले होते, वर वेणी आणि भलताच फ्रॉक.   काशी पुढे सरकली, पण हात लावायचं धाडस तिला होईना.

आजीने चष्मा कपाळावर सरकवला. डोळे घट्ट मिटून घेतले आणि म्हणाली, "बोल."

"आजे, मी," काशी म्हणाली.

"हां," आजी म्हणाली. "तू माझीच." आणि डोळे मिटलेलेच ठेवून तिने हात पुढे केले.